सोलापूर जिल्ह्यात नव्याने शेती करणाऱ्यांनी कृषी विद्यापीठाचा उपयोग कसा करून घ्यावा

वडिलोपार्जित जमीन वाटणीत आल्यामुळे, निवृत्तीनंतर गावी परतल्यामुळे किंवा शिक्षण संपवून शेतीच करायची असे ठरवल्यामुळे सोलापूर जिल्ह्यात अनेक जण पहिल्यांदाच शेतीत उतरतात. त्यांना सल्ला देणाऱ्यांची वानवा नसते. बांधाला बांध असलेले शेतकरी असतात, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार असतो, मोबाईलवरचे व्हिडिओ असतात. मात्र ज्या संशोधन केंद्रात या जिल्ह्याच्या जमिनीवर आणि पावसावर नव्वदहून अधिक वर्षे प्रयोग चालू आहेत, त्याच्या दारात नवा शेतकरी सहसा सर्वांत शेवटी पोचतो, आणि तोही पीक हातचे जाऊ लागल्यावर. हा क्रम उलटा करता यावा यासाठी हा लेख लिहिला आहे. विद्यापीठाची कोणतीही शिफारस जमिनीची खोली, पाण्याची सोय आणि पेरणीची तारीख या तीन गोष्टींना बांधलेली असते. म्हणून आपल्या शेताची ही माहिती हाताशी असल्याशिवाय तिथल्या ज्ञानाचा पुरता उपयोग होत नाही.

कोणते दार कशासाठी

सोलापूर जिल्हा महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी येथे असून पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्रातील दहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोचवणे) ही त्याची तीन कामे आहेत. नव्या शेतकऱ्याचा पहिला संबंध बहुधा विस्ताराशी येत असला, तरी त्यामागचे संशोधन कोठे होते हे ठाऊक असणे फायद्याचे असते.

राहुरीला जाण्याची गरज सुरुवातीला पडत नाही. सोलापूर शहरातच विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे आणि अवर्षणप्रवण विभागाची जबाबदारी त्याच्यावर आहे. या केंद्राचा इतिहास विद्यापीठापेक्षा जुना आहे. देशात कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी जी पहिली केंद्रे निघाली, त्यांत विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक यांच्याबरोबर सोलापूर होते, आणि येथील काम १९३३ साली सुरू झाले. पुढे १९७० मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, त्यातही सोलापूर हे एक केंद्र राहिले. जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक कसे काढावे, हा प्रश्न इथे पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला आहे. कोरडवाहू जमीन असलेल्याने या केंद्राला सर्वाधिक महत्त्व द्यावे असे माझे मत आहे.

रोजच्या अडचणींसाठी कृषी विज्ञान केंद्र अधिक जवळचे असते. जिल्ह्यात अशी दोन केंद्रे आहेत. मोहोळचे केंद्र विद्यापीठ चालवते, तर सोलापूर-बार्शी रस्त्यावरील खेडचे केंद्र शबरी कृषी प्रतिष्ठान ही संस्था चालवते. दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ असतात, प्रशिक्षणे होतात आणि शेतकऱ्यांच्या शेतावर प्रात्यक्षिके घेतली जातात. याशिवाय भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगाव येथे आहे आणि रब्बी ज्वारीचे स्वतंत्र केंद्रही सोलापुरातच आहे. या दोन्ही संस्था विद्यापीठाच्या नाहीत, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या एकाच यंत्रणेचा भाग आहेत.

इथे एक गल्लत हमखास होते. ठिबकचे अनुदान, पीक विमा, शेततळे, महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवरील अर्ज ही कामे राज्य शासनाच्या कृषी विभागाची आहेत. त्यासाठी गावपातळीवरील कृषी अधिकारी, मंडळ कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे जावे लागते. विद्यापीठ अनुदान देत नाही. कोणते वाण, केव्हा, कसे आणि का, हे ते सांगते. अनुदानाचा प्रश्न घेऊन शास्त्रज्ञाकडे आणि रोगाचा प्रश्न घेऊन अर्ज भरणाऱ्या टेबलाकडे गेल्याने दोन्हीकडून रिकाम्या हाताने परतावे लागते, आणि मग दोष मात्र यंत्रणेला दिला जातो.

जाण्यापूर्वी आपले शेत खणून पाहा

संशोधन केंद्रात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो जमिनीच्या खोलीचा. "काळी आहे" एवढे उत्तर पुरेसे नसते, कारण सोलापूरच्या काळ्या जमिनीत एकाच गटात माळाकडे वीतभर माती आणि ओढ्याकडे पुरुषभर माती अशी स्थिती असू शकते. म्हणून उन्हाळ्यात, नांगरटीपूर्वी, शेताच्या दोन-तीन वेगवेगळ्या भागांत मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्यावा आणि टेपने खोली मोजावी. साधारण ३० सेंटीमीटरपर्यंत माती असेल तर जमीन उथळ, ६० सेंटीमीटरपर्यंत मध्यम आणि त्याहून अधिक असेल तर खोल मानली जाते. खड्ड्याच्या भिंतीत पांढऱ्या चुनखडीचे खडे दिसतात का, किती खोलीपासून दिसतात, हेही लिहून ठेवावे. डाळिंब किंवा द्राक्षाचा विचार असेल तर ही नोंद निर्णायक ठरते.

त्याच वेळी माती परीक्षणाचा नमुना घ्यावा. रंग, उतार आणि खोली सारखी असलेल्या प्रत्येक भागाचा नमुना वेगळा असावा. त्या भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, सुमारे २० सेंटीमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा करावी. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नये, कारण सूक्ष्म अन्नद्रव्यांचे आकडे त्यामुळे चुकतात. बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीलगतची, जनावरे बसतात तिथली आणि जुन्या उकिरड्याची जागा टाळावी. गोळा झालेली माती एकत्र कालवून तिचा गोल ढीग करावा, त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि साधारण अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी आणि चिठ्ठीवर नाव, गाव, गट क्रमांक, तारीख, मागील पीक आणि पुढे घ्यायचे पीक लिहावे. फळबाग लावायची असेल तर वरच्या थराचा एकच नमुना चालत नाही. ३० सेंटीमीटरचा एक असे थरवार नमुने ९० सेंटीमीटरपर्यंत, किंवा मुरूम लागेपर्यंत, वेगवेगळे घ्यावे लागतात.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही तपासून घ्यावे, आणि हे बहुतेक जण टाळतात. मोटार दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून मग स्वच्छ बाटलीत पाणी भरावे आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवावे. भीमेच्या खोऱ्यातील भारी जमिनीत निचरा मुळातच कमी असतो. त्यात खारट पाणी वर्षानुवर्षे देत राहिल्यास जमीन हळूहळू चोपण (क्षारांमुळे घट्ट, पाणी न मुरणारी) होते आणि मग कोणतेही वाण तिला सावरू शकत नाही.

अहवाल हाती आला की तो घडी घालून कपाटात ठेवू नये. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब यांच्यासह बारा घटक असतात. आपल्याकडे सामू बहुधा आठच्या वर आणि सेंद्रिय कर्ब कमी आढळतो. तो अहवाल तज्ज्ञांसमोर ठेवून "या आकड्यांवरून खताची मात्रा कशी बदलू?" असे विचारावे, म्हणजे सरसकट शिफारशीऐवजी आपल्या शेतापुरती मात्रा मिळते.

प्रश्न कसा विचारावा

"पिकाची पाने पिवळी पडली आहेत, काय फवारू?" या प्रश्नाला कोणताही प्रामाणिक शास्त्रज्ञ लगेच औषधाचे नाव सांगणार नाही. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता असण्याची शक्यता अधिक असते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील तर चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडत असल्याची शंका घ्यावी लागते. पाणी साचून मुळे गुदमरली तरीही पाने पिवळीच पडतात. तिन्हींचा उपाय वेगळा आहे आणि चुकीचा उपाय म्हणजे फुकटचा खर्च आहे.

म्हणून केंद्रात जाताना नुसते पान न नेता शक्य असेल तर मुळांसकट उपटलेले रोगट झाड आणि शेजारचे निरोगी झाड असे दोन्ही न्यावे. नमुना ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर तासाभरात सडू लागतो. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून सकाळच्या वेळी न्यावा. शेतात किती भागात लक्षणे आहेत, ठिपक्याठिपक्याने आहेत की एका कडेने, केव्हा सुरू झाली, आधीच्या पंधरवड्यात पाऊस कसा होता, कोणते खत आणि कोणती औषधे दिली, हे कागदावर लिहून न्यावे. मोबाईलवर काढलेले पूर्ण शेताचे आणि जवळून काढलेल्या पानाचे असे दोन फोटो सोबत असले की उत्तर अधिक नेमके मिळते. दुकानातून घेतलेल्या औषधांची बिलेही न्यावीत, कारण त्यावरचे घटक पाहून शास्त्रज्ञांना बरेच काही कळते.

शिफारस कशी वाचावी: रब्बी ज्वारीचे उदाहरण

विद्यापीठ दरवर्षी कृषी दर्शनी प्रसिद्ध करते. ती विकत घ्यावी. नव्या शेतकऱ्यासाठी इतके उपयोगी दुसरे पुस्तक माझ्या माहितीत नाही. तिच्यातील शिफारशी राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत तपासल्या जाऊन मान्य झालेल्या असतात. पण वाचण्याची पद्धत समजून घेतली पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या ज्वारीसारखे दुसरे चांगले उदाहरण नाही.

घरोघरी ज्या मालदांडीचे नाव घेतले जाते, ती एम ३५-१ ही जात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने काढलेली आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे तिथली खोल काळी जमीन आणि नुसत्या ओलीवर पिकवण्याची परंपरा आहे. मात्र हीच मालदांडी वीतभर मातीच्या माळरानावर पेरली तर दाणे भरण्यापूर्वीच ओल संपते. म्हणून विद्यापीठाने खोलीनुसार वाण दिले आहेत: उथळ जमिनीसाठी फुले अनुराधा आणि फुले माऊली, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, खोल जमिनीसाठी फुले वसुधा आणि फुले यशोदा, आणि पाण्याची सोय असल्यास फुले रेवती. हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर यांसारखे वेगळे वाण आहेत. मागील पायरीत मोजलेली जमिनीची खोली इथे कामाला येते. ती न मोजता वाण निवडणे म्हणजे माप न घेता कपडे शिवणे होय.

पुढे तारीख येते. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी अशी शिफारस आहे. उशीर झाला तर एकीकडे ओल कमी होत जाते आणि दुसरीकडे खोडमाशीचा प्रादुर्भाव वाढतो. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटीमीटर अंतर ठेवावे, हेक्टरी १० किलो बियाणे वापरावे, काणी रोग टाळण्यासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळावे, आणि खत व बियाणे एकाच वेळी पेरता यावे म्हणून दोन चाड्यांची पाभर (पेरणीचे अवजार) वापरावी. ही पाभर महत्त्वाची अशासाठी, की कोरडवाहू जमिनीत वर फेकलेले खत कोरड्या थरातच पडून राहते, तर पाभरीने ते ओलीत जाते. पेरणीपूर्वी, पावसाळ्यातच शेतात बंदिस्त वाफे किंवा सरी-वरंबे करून पाऊस जागेवर मुरवावा, हाही शिफारशीचाच भाग आहे, आणि नवे लोक नेमका हाच भाग गाळतात, कारण त्या वेळी शेत रिकामे असते आणि रिकाम्या शेतात काम करणे त्यांना अनावश्यक वाटते.

कोळपणीची शिफारस मला सर्वांत शिकवणारी वाटते. पीक तीन आठवड्यांचे झाले की फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने, अशा तीन कोळपण्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन कोळपण्यांत तण निघते आणि वरचा थर भुसभुशीत होऊन खालची ओल झाकली जाते. आठव्या आठवड्यापर्यंत काळ्या रानाला बोट जाईल एवढ्या भेगा पडू लागलेल्या असतात आणि त्या भेगांतून ओल वर उडून जाते. दातेरी कोळपे माती ओढून त्या भेगा बुजवते. तिसरी कोळपणी तणासाठी नसून ओलीसाठी असते, हे ज्याला कळले त्याला "तण नाही, मग कोळपणी कशाला?" हा प्रश्न पडत नाही.

खरिपात पाऊस लांबला किंवा मध्येच उघडीप पडली तर काय करावे, यासाठी आपत्कालीन पीक नियोजनही तयार असते. बाजरी आणि तूर, किंवा सूर्यफूल आणि तूर, दोन ओळींस एक ओळ या प्रमाणात घेण्याची शिफारस याच विचारातून आली आहे: एक पीक हुकले तरी दुसरे हाताशी राहते.

बियाणे आणि रोपे

नावात "फुले" असलेले वाण बहुधा राहुरीचे, "परभणी" असलेले परभणीच्या विद्यापीठाचे आणि "पीडीकेव्ही" असलेले अकोल्याचे असते. बार्शी, करमाळा यांसारख्या मराठवाड्याला लागून असलेल्या तालुक्यांत परभणीच्या विद्यापीठाचे वाणही आपल्याला उपयोगी पडतात. तुरीची बीडीएन ७११ ही जात त्याच विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राची आहे. आपल्या विद्यापीठाची नसली म्हणून ती टाळण्याचे कारण नाही, फक्त आपल्या जमिनीला ती बसते का, हे विचारून घ्यावे.

पिशवीवरील टॅगचा रंग पाहण्याची सवय लावावी. पैदासकार बियाण्याला पिवळा, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवट टॅग असतो. नव्या शेतकऱ्याला नेहमीच्या पेरणीसाठी प्रमाणित किंवा विद्यापीठाचे सत्यप्रत बियाणे पुरेसे आहे. विद्यापीठाकडील बियाणे मर्यादित असते आणि हंगामाच्या तोंडावर संपते, म्हणून रब्बीच्या बियाण्याची चौकशी ऑगस्टमध्येच करावी. ज्वारी, हरभरा, करडई यांच्या सुधारित वाणांचे बियाणे घरचे राखता येते, ते दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. पावती, टॅग आणि पिशवीतील मूठभर बियाणे मात्र हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे.

ऊस आणि डाळिंब असेल तर

उजनीच्या पाण्यामुळे जिल्ह्यात ऊस वाढला. त्याचे संशोधन फलटणजवळच्या पाडेगाव येथील मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्रात होते. को ८६०३२ आणि फुले २६५ हे सर्वदूर पसरलेले वाण तिथूनच शेतकऱ्यांपर्यंत आले. आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू या तिन्ही हंगामांसाठी खताच्या मात्रा वेगळ्या असतात, त्यामुळे लागवडीची तारीख सांगितल्याशिवाय सल्ला घेऊ नये. बेणे शेजाऱ्याच्या खोडव्यातून न आणता बेणेमळ्यातून आणावे.

डाळिंबात घाई करू नये. लागवडीचा खर्च मोठा असतो आणि तेल्या रोग बहुतेकदा रोपांबरोबरच बागेत येतो. रोगग्रस्त बागेतील गुट्या (कलमे) स्वस्तात मिळतात म्हणून घेतल्या, तर पहिल्या बहारातच (फुला-फळांच्या हंगामातच) फळांवर काळपट डाग पडून ती तडकू लागतात. रोपे घेण्यापूर्वी केगावच्या केंद्रात जाऊन रोपवाटिकेची खात्री कशी करावी, ४.५ बाय ३ मीटर हे अंतर आपल्या जमिनीत योग्य ठरेल का आणि आपल्या पाण्यावर कोणता बहार धरावा, हे विचारावे. तेल्याचा त्रास असलेल्या भागात पावसाळ्यातील मृग बहाराऐवजी हस्त बहार धरण्याचा सल्ला सहसा दिला जातो, आणि तो मनापासून पाळण्यासारखा आहे.

हवामानाचा सल्ला

ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते आणि मेघदूत ॲपवरही मिळते. फवारणी, खत आणि काढणी यांचे दिवस तिच्यावरून ठरवावेत.

थोड्या क्षेत्रावर करून पाहा आणि निकाल परत सांगा

नवे वाण किंवा नवी पद्धत पहिल्याच वर्षी सगळ्या रानात करू नये. पाच-दहा गुंठ्यांत नवे आणि त्याच्या शेजारी तेवढ्याच क्षेत्रात नेहमीचे घ्यावे; दोन्हींना पेरणी, खत, पाणी सारखे द्यावे आणि काढणीनंतर धान्य व कडबा वेगवेगळा मोजावा. कडब्याचे वजन विसरू नये, कारण घरी जनावरे असतील तर ज्वारीचे निम्मे मोल कडब्यातच असते. प्रात्यक्षिकात दिसलेले उत्पादन चांगल्या व्यवस्थापनाखालचे असते, ते पहिल्या वर्षी आपल्याकडे मिळेलच असे धरून कर्जाचा हिशेब मांडू नये.

कृषी विज्ञान केंद्रे शेतकऱ्यांच्या शेतावर आद्यरेषीय प्रात्यक्षिके घेतात, त्यांत आपले नाव द्यावे. बियाणे व काही निविष्ठा मिळतात, आणि त्याहून मोलाचे म्हणजे तज्ज्ञ हंगामात प्रत्यक्ष बांधावर येतात. कृषी महाविद्यालयाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात राहायला येतात, त्यांनाही शेत दाखवावे. बीजप्रक्रिया, माती नमुना, बोर्डो मिश्रण ही कामे त्यांच्याबरोबर एकदा हाताने केली की कायमची समजतात, आणि त्यांच्यामागे त्यांचे प्राध्यापक असतातच.

शेवटची पायरी बहुतेकांकडून राहून जाते. शिफारस आपल्या शेतात चालली नाही, तर गप्प न बसता ते केंद्राला लेखी कळवावे: कोणते वाण, किती खोलीची जमीन, पेरणीची तारीख, पावसाच्या नोंदी, उत्पादन आणि नेमके कोठे बिनसले. कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीत शेतकरी सदस्य असतात आणि विभागीय संशोधन व विस्तार सल्लागार समितीपुढे शेतावरच्या अडचणी मांडल्या जातात, त्यांतून पुढच्या वर्षांच्या चाचण्यांचे विषय निघतात. सांगोल्याच्या माळावरची आणि अक्कलकोटच्या तुरीच्या रानातली अडचण एकच नसते, त्यामुळे आपल्या गावाची नोंद तिथे पोचली तरच तिच्यावर काम होते. ही नोंद काढणीनंतर, आकडे ताजे असताना लिहावी, तिची एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि पुढच्या उन्हाळ्यात माती नमुन्याच्या पिशवीबरोबर ती केंद्रात घेऊन जावी.